पिन तुम्ही टाकला, म्हणून गुन्हेगारही तुम्हीच?



पाटन म्हटले की आपल्या निम्म्या वाचकांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातले पाटण येईल. हे ते नव्हे. हे जबलपूर जिल्ह्यातले, तहसिलीचे गाव. हिवाळ्यात येथून वाटाण्याचे ट्रकच्या ट्रक भरून निघतात. रेल्वेचा रूळ गावापर्यंत आलेला नाही, पण रेल्वेची माणसे येथे राहतात, कारण जबलपुरात खोलीचे भाडे झेपत नाही. अशाच एका ट्रॅकमन बंधूची ही हकीकत आहे. नाव आम्ही देत नाही. गँगमध्ये लोक त्याला आधीच "चोवीस हजारवाले" म्हणून चिडवतात, त्यात छापील भर नको.

हा बंधू मूळचा गोंदियाकडचा. मुलगी नागपूरला नर्सिंगला. २ जून २०२५ रोजी तिच्या मेसचे आणि खोलीचे मिळून २४,००० रुपये भरायचे होते. दुपारी काम थांबवून गँग सावलीत बसलेली, मुलीने फोनवर मेसवाल्याचा नंबर सांगितला आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या लाइनवरून मालगाडी धडधडत गेली. सातच्या जागी आठ ऐकू आले. मोबाईलवर नाव आले "साईकृपा". आता मेसचे नाव साईकृपा असायला काय हरकत आहे? आपल्या मुलुखात निम्म्या खानावळी साईकृपा आणि उरलेल्या अन्नपूर्णा. त्याने पिन टाकला. टिंग असा आवाज झाला आणि पंधरा दिवसांचा घाम भलत्याच्या खात्यात गेला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला की पैसे पोचलेच नाहीत. त्याच रात्री त्याने अ‍ॅपवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी, ३ तारखेला, रजा टाकून आपल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली. येथपर्यंत एका साध्या दहावी नापास माणसाने जे जे करायला हवे ते सर्व केले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे काय झाले? अ‍ॅपवाले म्हणाले, बँकेला विचारा. बँक म्हणाली, अ‍ॅपला विचारा. मग बँकेने उत्तर दिले की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केलेला आहे, सबब बँक जबाबदार नाही. समोरच्या खातेदाराची संमती आली तर बघू. समोरचा खातेदार कोण, कोठला, हे मात्र सांगणार नाही. गुप्तता! ज्याची संमती आणायची त्याचे नाव सांगायचे नाही आणि संमती नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, यापेक्षा वेगळे काय म्हणावे?

आम्ही शाखेच्या ऑफिसात बसून त्याचा कागद वाचला तेव्हा "ग्राहकाने स्वतः" हे शब्द फार ओळखीचे वाटले. तीस वर्षे आम्ही चार्जशीटची उत्तरे लिहून देतो आहोत. अपघात झाला की चौकशीच्या शेवटी दोन शब्द ठरलेले असतात : मानवी चूक. मानव म्हणजे कोण, तर पॉइंटस्मन, ट्रॅकमन, ड्रायव्हर. बारा तासांची ड्यूटी लावणारा मानव नव्हे, मंजूर जागा रिकाम्या ठेवणारा मानव नव्हे. तीच भाषा आता बँकेच्या पत्रात आली आहे.

परंतु रेल्वेतच याचे दुसरे उत्तरही आहे आणि ते आपल्याच बापजाद्यांच्या रक्ताने लिहिलेले आहे. माणूस चुकतो हे रेल्वेने मान्य केले, म्हणून तर इंटरलॉकिंग आले. पॉइंट उलटा बसलेला असेल तर केबिनमनने कितीही जोर लावला तरी सिग्नल ऑफ होत नाही. एकेरी लाइनवर टोकनचा गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नव्हता. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत यंत्र दुसरा गोळा देत नव्हते. चूक करू नका, अशी पाटी लावून रेल्वे थांबली नाही. चूक झाली तरी गाडी गाडीवर जाऊ नये, अशी व्यवस्था तिने केली. मग ज्या यंत्रणेतून २०२५ च्या ऑगस्ट या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, त्या यंत्रणेत एक आकडा चुकला तर थांबवणारा एकही पॉइंट नसावा?

पोस्टातल्या बंधूंना तर हे अधिक कळेल. मनीऑर्डर टपाल खात्याने १८८० मध्ये हाती घेतली. शेकडा पाच रुपये कमिशन होते, ते गरिबाला जड होते, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या पाच रुपयांत काय मिळत होते? फॉर्मवर नाव, बापाचे नाव, गाव, पोस्ट, जिल्हा. पोस्टमन दारात येऊन माणूस ओळखून पैसे देई, अंगठा असेल तर साक्षीदार घेई. सहीची पोच पाठवणाऱ्याच्या घरी परत येई. माणूस सापडला नाही तर पैसे मुकाट्याने पाठवणाऱ्याकडे परत. पोस्टमनने भलत्याला पैसे दिले तर खाते चौकशी करी आणि वसुली त्याच्या पगारातून होई (हाही अन्यायच अनेकदा होत असे, पण तो वेगळा विषय). मुंबईच्या गिरणीतून कोकणात आणि देशावर जाणारा पैसा या कागदाच्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोचला. ती जुनी मनीऑर्डर १ एप्रिल २०१५ पासून बंद झाली, संगणकावरची तेवढी राहिली.

आणि पिन हा शब्द तरी कोणाचा? आपल्या पत्त्याखालचा सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी. एका नावाची दहा गावे, वाईट अक्षर, वेगवेगळ्या लिप्या, यामुळे टपाल भलतीकडे जाते, म्हणून हा आकडा आला. साताऱ्याचे पाटण आणि जबलपूरचे पाटन यांची गल्लत होऊ नये म्हणून आला. म्हणजे सरकारच्या एका खात्याचा पिन लोकांची चूक सावरण्यासाठी होता. बँकेचा पिन लोकांची चूक त्यांच्याच गळ्यात बांधण्यासाठी आहे.

आता नियम काय म्हणतात ते पाहू, कारण कामगाराने नियमाच्या पुस्तकाला घाबरून चालत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. तुमच्या नकळत कोणी तुमच्या खात्यातून पैसे काढले, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तर तीन कामाच्या दिवसांत कळवा, तुमचे नुकसान शून्य. बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यावर तात्पुरती जमा करायची. चांगला नियम आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दुसरे परिपत्रक आले. तुमच्या खात्यातून रक्कम वजा झाली पण समोर जमाच झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हाही चांगला. परंतु तुम्ही स्वतः पाठवलेली रक्कम भलत्याच्या खात्यात नीट जमा झाली, तर? तेथे ना तीन दिवस, ना दहा दिवस, ना शंभर रुपये. १४ ऑक्टोबर २०१० रोजीच रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून टाकले होते की इलेक्ट्रॉनिक पैसे केवळ खाते क्रमांकावर जमा करता येतील आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. त्या एका वाक्यावर आज कोट्यवधी माणसे टांगलेली आहेत.

नाव दाखवण्याची सक्ती झाली, पण कधी? यूपीआय सुरू झाली एप्रिल २०१६ मध्ये. बँकेत नोंदलेले खरे नावच पैसे पाठवण्याआधी दाखवले पाहिजे, हा नियम अ‍ॅपवाल्यांवर लागू झाला ३० जून २०२५ ला. नऊ वर्षे! आमच्या बंधूचे पैसे गेले त्याच्या अठ्ठावीस दिवसांनी. "साईकृपा" हे त्या अनोळखी माणसाने अ‍ॅपवर लावलेले हौसेचे नाव होते. चार आठवडे आधी नियम आला असता तर पडद्यावर भलत्याच माणसाचे नाव आले असते आणि याचा अंगठा थांबला असता. इंग्लंडमधल्या मोठ्या बँकांना नाव ताडून पाहणे २०२० पासून बंधनकारक झाले. तेथे चुकीची रक्कम गेल्याचे कळवले की बँकेने दोन कामाच्या दिवसांत हालचाल सुरू करायची असते, समोरच्याने हरकत घेतली नाही तर वीस कामाच्या दिवसांत पैसे परत. आणि पैसे आले नाहीत तर दावा लावण्यापुरती समोरच्याची माहिती पाठवणाऱ्याला लेखी मागणीवर द्यावी लागते. ते काही कामगारांचे राज्य नव्हे. भांडवलदारांचाच देश आहे. तेथे जमते ते येथे का जमत नाही?

काही जण म्हणतील, सचिव साहेब, पैसे फुकट जातात येतात, वर आणखी काय हवे? फुकट काहीच नसते. १ जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क नाही हे खरे, पण बँका आणि अ‍ॅपवाल्यांना सरकार तिजोरीतून प्रोत्साहन देते. २०२४-२५ साठी तो आकडा १,५०० कोटी रुपये मंजूर झाला. तो पैसा तुमच्या-आमच्या करातला. आणि पाचातले सुमारे चार व्यवहार ज्या दोन अ‍ॅपवरून जातात त्यांपैकी एक वॉलमार्टच्या मालकीचे, दुसरे गूगलचे. एका कंपनीकडे तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, असा नियम २०२० मध्ये काढला. मोठ्या कंपन्यांना तो पाळायची मुदत एकदा २०२४ अखेर, मग २०२६ अखेर अशी वाढवत नेली. त्यांना मुदतवाढ. आमच्या ट्रॅकमनला चोवीस तासांचीही मुदत नाही.

आता त्या समोरच्या माणसाकडे येऊ. हा भाग आम्हाला स्वतःलाही चटका लावून गेला.

नंबर आमच्याकडे होताच, एक आकडा चुकलेला का होईना. बंधूने पहिल्या रात्रीच फोन केला होता. पलीकडच्या माणसाने "चुकून पैसे आलेत, परत करा" हे ऐकताच शिवी हासडून फोन ठेवला आणि नंबर बंद करून टाकला. आमचा बंधू संतापला, चोर आहे म्हणाला. आम्हीही तसेच समजलो. पण विचार करा, आज असे फोन कोण करतात? चुकून पैसे आले म्हणून सांगून खाते साफ करणारे लुटारू! त्या माणसाने फोन ठेवला हे त्याचे शहाणपण होते. ज्या कामासाठी बँकेच्या शिक्क्याचा एक निरोप पुरला असता, ते काम बँकेने एका घामाघूम ट्रॅकमनवर सोडले आणि त्याचा आवाज लुटारूसारखाच ऐकू आला.

शेवटी दीड महिन्याने आम्ही शाखेच्या फोनवरून बोललो. पैसे आम्हाला देऊ नका, पिन सांगू नका, फक्त आपल्या बँकेत जाऊन २ जूनची नोंद पाहा, एवढेच सांगितले. तो माणूस हमाल निघाला. एक दिवसाची हमाली बुडवून तो बँकेत गेला. नोंद होती. २४,००० आले होते. पण खात्यात उरले होते १४,६००. कारण त्याच्या मोटारसायकलच्या कर्जाचे हप्ते थकले होते. ५ जूनला खात्यात रक्कम दिसताच संगणकाने थकलेले हप्ते आणि वर दंड मिळून ९,४०० रुपये कापून घेतले. त्याने १४,६०० त्याच दिवशी, त्याच काउंटरवरून परत पाठवले. कोणाची संमती आणायला सहा पत्रे लागली नाहीत.

तारखा पुन्हा वाचा. तक्रार २ ला. लेखी अर्ज ३ ला. कापाकापी ५ ला. म्हणजे हा पैसा चुकीचा आहे हे लेखी कळवल्यानंतर दोन दिवसांनी एका बँकेने तो आपल्या कर्जात वळता केला, कारण एका बँकेला मिळालेली तक्रार दुसऱ्या बँकेच्या संगणकापर्यंत पोचलीच नव्हती. पैसा सेकंदात जातो, तक्रार बैलगाडीने जाते. हे कसे?

कायद्याने पाहिले तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७२ स्वच्छ आहे : चुकीने ज्याला पैसे दिले गेले त्याने ते परत केले पाहिजेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला जे कळले ते आहे. जाणूनबुजून दाबून ठेवले तर तो गुन्हाही होऊ शकतो, पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ४०३ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१४. हप्ता फिटल्याचा फायदा हमालाला झाला, तेव्हा कायद्याच्या हिशेबाने उरलेले ९,४०० त्याच्याकडून मागता येतील, असे आमच्या वकील मित्राने सांगितले. तो हमालही महिना हजार देतो म्हणाला. आमच्या ट्रॅकमनने नाही म्हटले. तो म्हणाला, त्याने माझ्यासाठी हजेरी बुडवली, त्याच्याकडून काय घ्यायचे, ज्याने कापले त्याच्याकडून घ्या. शाखेने हेच धोरण धरले आहे. कामगाराला कामगाराच्या गळ्याला लावून बँक बाजूला राहणार असेल तर ते आम्ही होऊ देणार नाही.

पैठण तालुक्यातली गोष्ट आठवते का? २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात १५ लाख रुपये येऊन पडले. त्याला वाटले, पंतप्रधानांनी शब्द पाळला. त्याने आभाराचे पत्रही धाडले म्हणतात. वाट पाहून सुमारे ९ लाख काढून घर बांधले. पुढे कळले की तो पैसा पिंपळवाडी ग्रामपंचायतीचा होता. लोक हसले, वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून छापले. आम्हाला त्यात गंमत दिसली नाही. चूक शेतकऱ्याची नव्हती, पण वसुलीची नोटीस त्याच्या दारात गेली. म्हणजे रक्कम सरकारी असली की बँकेला खातेदार सापडतो, त्याचे गाव सापडते, दार सापडते. ट्रॅकमनची रक्कम असली की गुप्तता आडवी येते.

आमचे म्हणणे साधे आहे. चुकीच्या रकमेची तक्रार आली की त्याच दिवशी समोरच्या खात्यात तेवढ्या रकमेवर रोख लागली पाहिजे आणि बँकेला स्वतःच्या हप्त्यासाठी तिला हात लावण्यास मनाई हवी. समोरच्याला बँकेनेच विचारावे, दहा दिवसांत उत्तर घ्यावे, उत्तर नाही आले तर रक्कम परत. तो खरेच हक्कदार असेल तर त्याला म्हणणे मांडता यावे, एकाच्या तोंडी तक्रारीवर दुसऱ्याचे पैसे ओढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. माल घेऊन मग चुकून पाठवले म्हणणारे भामटेही आहेत. आणि ज्याला पहिल्यांदाच पैसे जात आहेत त्याच्याकडे मोठी रक्कम काही तास थांबावी. अशी कल्पना सरकारात घोळत असल्याच्या बातम्या नोव्हेंबर २०२३ मध्ये आल्या होत्या. दुकानदारांची गैरसोय होईल म्हणतात. होईल. ब्लॉक सेक्शन रिकामा होईपर्यंत राजधानी एक्सप्रेससुद्धा थांबते.

तोवर आपल्या बंधूंनी काय करावे, ते सांगून ठेवतो. आकडा चुकला की अ‍ॅपमध्ये लगेच तक्रार करा आणि व्यवहाराचा क्रमांक कागदावर उतरवून घ्या. दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जात "समोरच्या बँकेला आजच कळवून रक्कम थांबवावी" हे वाक्य लिहाच. आमच्या बंधूच्या अर्जात ते नव्हते आणि आता त्यावरच वाद चालू आहे. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फी लागत नाही. १९३० हा नंबर फसवणुकीसाठी आहे. स्वतःची चूक असेल तर फसवणूक झाली असे खोटे लिहू नका, प्रकरण तेथेच पडते. समोरच्याने दाद दिली नाही तर कलम ७२ खाली नोटीस आणि दावा, त्याला तीन वर्षांची मुदत. वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मागण्याचा हक्क कलम १२ मध्ये लिहिलेला आहे, उत्पन्न किती ते न विचारता. फारच थोड्या कामगारांना हे ठाऊक आहे. जुना मोबाईल नंबर सोडला असेल तर तो बँकेतून काढा. बंद नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि तुमच्या नावाने पाठवलेले पैसे त्याच्या दारात जाऊ शकतात. आणि हो, तुमच्या खात्यात कोणाचे पैसे आले तर आपल्या हाताने परत पाठवण्याच्या भानगडीत पडू नका, सरळ बँकेत जा.

पाटनच्या बंधूने मुलीची फी त्या महिन्यात सोसायटीचे कर्ज काढून भरली. आठ महिने झाले, त्याचा हप्ता पगारातून अजून कापला जातो. ९,४०० रुपयांचा अर्ज लोकपालाकडे दाखल आहे, त्याची नक्कल शाखा ऑफिसात ठेवली आहे. ज्यांच्यावर असाच प्रसंग आला असेल त्यांनी तारीखवार कागद घेऊन संध्याकाळी सहानंतर यावे.